पाठीमागून बघणारं कुणी

वेंडेलने चाळीस वर्षं तेलाच्या पाइपांचं वेल्डिंग केलं होतं. कुठली वस्तू हातात बसते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ओक्लाहोमातल्या एका बंदुकांच्या दुकानात त्याने हाताळलेलं चौथं पिस्तूल त्याच्या पंजात नेमकं बसलं. काउंटरवरच्या डार्लाने ते चामडी कव्हरात घालून त्याच्या कमरेला मागे लावलं आणि वरून शर्ट सोडायला सांगितलं.

"आता वाका. अहो, पोट आत घ्या! पिस्तूल लपलं, पोट नाही लपत."

वेंडेल हसला.

"घरी बायकोला मागून बघायला सांगा," डार्ला म्हणाली. "वाकलात की शर्टावर आकार उठतो. आपला आपल्याला कळत नाही."

त्याची बायको ओपल वारली, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याने पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं.

"ते बारकं दाखव. पुढच्या खिशात मावणारं."

"तुमच्या या फावड्याएवढ्या पंजात? ते धड धरताही नाही यायचं तुम्हाला!"

"पुढचं माझं मला आरशात बघता येतं."

बारक्या पिस्तुलाच्या मुठीवर त्याची दोनच बोटं मावली. त्याने तेच घेतलं.