मामांच्या रणगाड्याची खोक

माझ्याकडे बरेच रणगाडे आहेत आणि त्यांतला एकही आजवर स्वतःहून इंचभर पुढे सरकलेला नाही. प्लॅस्टिकचे, वीतभर लांबीचे, बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या काचेच्या कपाटात ते दाटीवाटीने उभे असतात. पाहुणे आले की बायको त्यांची ओळख "ही यांची खेळणी" अशी करून देते. मी "मॉडेल" अशी दुरुस्ती करतो. पाहुणे "हो का" म्हणतात आणि चहाकडे वळतात.

हा छंद बाहेरून फार शूर दिसतो. प्रत्यक्षात तो नेलकटर, चिमटा, कान साफ करायच्या काड्या आणि फुंकर यांवर चालतो. एकदा बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात मी केसाइतकी बारीक तांब्याची तार मागितली. दुकानदारांनी कशासाठी हवी म्हणून विचारलं. मी म्हणालो, रणगाड्याच्या एरियलसाठी. ते तार मोजता मोजता म्हणाले, "खऱ्याला पुरायची नाही. आधी सांगितलेलं बरं." त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तार मात्र उत्तम निघाली.

तर अशा माझ्याकडे एक दिवस माझ्या बायकोच्या मामांचा निरोप आला. मामा खडकीला राहतात. तरुणपणी ते सैन्यात रणगाडा चालवायचे. सेंच्युरियन जातीचा, थोराड, उतरत्या कपाळाचा. त्याला ते रणगाडा म्हणत नाहीत, 'माझी गाडी' म्हणतात. आमच्या लग्नापासून आजपर्यंत त्यांनी माझ्याबद्दल चांगलं असं एकच वाक्य उच्चारलं होतं: "चष्मा बरा आहे." मामी गेल्यानंतर ते एकटे होते आणि आता मुलीकडे बंगळुरूला कायमचे राहायला निघाले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. घरातलं सामान वाटून झालं होतं. भाचीला त्यांनी मामींची पितळी परात दिली आणि म्हणाले, "जावईबापूंना सांग, मला माझी गाडी करून द्या. तिकडे नवव्या मजल्यावर बसून बघायला काहीतरी पाहिजे. जमली तर नेईन. नाही जमली तर तुमच्या कपाटात ठेवा, मला नको."

"हे करतील," असं बायको तिथल्या तिथे सांगून आली. तिने माझ्या वतीने दिलेला हा पहिला शब्द. नाहीतर माझ्याबद्दलची तिची वाक्यं सहसा "हे कसले करतात" या दिशेने जातात. त्यामुळे यात माझी एकट्याची अब्रू नव्हती.

मामांनी आधाराला एक फोटो दिला होता. काळापांढरा, तळहाताएवढा, कडा कातरलेल्या. रणगाडा समोरून घेतलेला. उजव्या बाजूच्या झाकणातून डोकं बाहेर काढून मिशीवाले तरुण मामा कॅमेऱ्याकडे असे बघत होते, की कॅमेऱ्यानेच सलाम करावा. सुट्या भागांचं किट मी मागवलंच होतं, पण किटातला रणगाडा हा कुठलाही रणगाडा असतो. मला मामांचाच करायचा होता. म्हणून मी भिंग घेऊन फोटोवर बसलो आणि दोन गोष्टी सापडल्या. पुढच्या उतरत्या पत्र्यावर मधोमध एक काळपट डाग होता. आणि तोफेच्या नळीभोवती एक जाडसर, खडबडीत कडं होतं.

आमचा मॉडेलवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात आयटीतली दोन पोरं, एक दातांचे डॉक्टर आणि निवृत्त झालेले बरेच लोक आहेत. मी फोटो टाकला आणि पुढचा आठवडा कुणाच्याही घरी कुणी काम केलं नसावं. डाग म्हणजे शत्रूच्या गोळ्याची खोक, यावर लवकरच एकमत झालं. एकाने सावली बघून गोळा डावीकडून आला असं काढलं. दुसऱ्याने अंतर काढलं. नळीवरचं कडं म्हणजे रणगाडा लपवायची, गुंडाळून ठेवलेली जाळी, असं डॉक्टरांचं निदान पडलं. खोक कशी पाडायची तेही त्यांनीच सांगितलं: सुई तापवा, हळूच टेकवा, कडा उचलू द्या. दात कोरण्यातला माणूस, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

बायको म्हणाली, "अहो, फोन करून मामांनाच विचारा की."

"काय विचारायचं?"

"की हे काय आहे."

आता तुम्हीच सांगा. ज्याने हयातभर रणगाड्यांवर लोकांना व्याख्यानं दिली, त्याने फोन उचलून असं विचारायचं? मी पुणेकर आहे, मी विचारत नाही, सांगतो. शिवाय मी नगरला जाऊन तिथल्या संग्रहालयातला खरा सेंच्युरियन पाहून आलो होतो. उन्हात त्याच्याभोवती फिरत, विती मोजत, पत्र्याच्या जोडांचे फोटो काढत. खऱ्या रणगाड्यासमोर उभं राहिलं की मॉडेलवाल्याचा आवाज आपोआप खाली येतो. चाकांवरचं वंगण वाळून काळं झालेलं, कुणाच्या तरी बुटांनी पायरी घासून गुळगुळीत झालेली. त्या पायरीवर मी बराच वेळ हात ठेवून उभा होतो. बायको झाडाखाली भेळ खात होती. तिने विचारलं, "बोलला का काही तो?" मी हात मागे घेतला. पण माझा अभ्यास झाला होता.

मग मी सुई तापवली आणि खोक पाडली. इतकी देखणी खोक माझ्या हातून पूर्वी पडली नव्हती. नळीभोवती औषधाच्या दुकानातलं जाळीदार बँडेज डिंकात बुडवून गुंडाळलं. वर मळकट हिरवा रंग दिला. शेवटचं वार्निश तेवढं राहिलं, कारण हवा दमट होती आणि दमट हवेत वार्निश पांढरं पडतं. दसरा झाला की मारू, म्हटलं. पण मामांचं विमान माझ्या वार्निशसाठी थांबणार नव्हतं, तेव्हा तसंच द्यायचं ठरलं.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर विळी, शिवणयंत्राची कात्री, मिक्सर आणि माझा लॅपटॉप यांची पूजा होते. स्कूटरला खाली हार. त्या सकाळी मला सुचलं, की शस्त्र आणि वाहन दोन्ही एकातच असलेली वस्तू घरात असताना ती कपाटावर का? मी मामांचा रणगाडा पाटावर मांडला. झेंडूच्या दोन पाकळ्या ठेवल्या. खरं सांगायचं तर पूजेपेक्षा मला फोटो हवा होता. ग्रुपवर टाकला तर लोक जळतील, एवढा साधा धार्मिक हेतू.

"ओलं कुंकू लावू नका हं त्याला," बायको श्रीखंडात वेलची घालता घालता म्हणाली. "वार्निश राहिलंय म्हणालात ना?"

"फक्त टेकवतो."

मी टेकवलं. तुम्ही टीपकागदावर शाई टेकवली आहे का कधी? वार्निश न मारलेला मॅट रंग तसाच असतो. माझ्या डोळ्यांदेखत ते कुंकू पत्र्यावर पसरलं, खोकीत उतरलं आणि तिथे आरामात बसलं. मी ओल्या काडीने पुसलं. पत्रा गुलाबी झाला. साबणाच्या पाण्याने पुसलं. गुलाबी बाजूंना गेला आणि मधे हिरव्याचा तपकिरी झाला. अखेरीस बाहेरचा पत्रा कसाबसा पूर्ववत आला, पण खोकीतलं कुंकू काही हलेना. ती मी फारच चांगली पाडली होती ना. खोल, आत खडबडीत, कडा उचललेल्या. रंग धरून ठेवायला तिच्याइतकी उत्तम जागा साऱ्या रणगाड्यावर नव्हती.

जेवायला बसलो. श्रीखंड-पुरी माझ्या आवडीची, पण मी एका पुरीवरच हात आवरला. बायकोने माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं आणि माझी श्रीखंडाची वाटी झाकून ठेवली. हे तिचं सगळ्यात कडक बोलणं.

संध्याकाळी निघालो. झेंडूचा हार घातलेल्या स्कूटरवर मी, मागे बायको, तिच्या मांडीवर मिक्सरच्या खोक्यात रणगाडा. स्वारगेटच्या सिग्नलला मी तिला माझा बेत सांगितला.

"मी सांगणार, की गोळा लागला की वरचा हिरवा रंग उडतो आणि आतला तांबडा रंग दिसतो. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे."

"मामांना सांगणार?"

"हो."

"ज्यांनी तो चालवला त्यांना?"

"तांत्रिकदृष्ट्या म्हणतोय मी."

"मग मी जिन्यातच थांबते. तुमचं झालं की हाक मारा."

खडकीच्या घरात दोन खुर्च्या, एक बॅग आणि मामा एवढंच उरलं होतं. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. आम्ही आपट्याची पानं देऊन नमस्कार केला. त्यांनी खोकं उघडलं, दोन्ही हातांनी रणगाडा उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीपाशी गेले. रणगाडा कलता करून एकेक जोड बघू लागले. ते बघणं लांबलं तसा माझा तांत्रिक धीर सुटला.

"मामा, ते तांबडं आहे ना, तो आतला रंग. म्हणजे गोळा लागला की वरचा थर उडतो आणि..."

"कुठला गोळा?"

"हाच. फोटोत दिसतोय तो."

"जावईबापू," मामा वळूनही न बघता म्हणाले, "माझ्या गाडीला गोळा लागला असता, तर मी फोटो काढत बसलो असतो?"

हा मुद्दा आमच्या ग्रुपवर एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

मामांनी खोकीवर अंगठा दाबला, उचलून बघितला, नाकापाशी नेला. "हे कुंकू आहे."

"सकाळी पूजेत ठेवला होता यांनी," बायको चटकन म्हणाली. ती जिन्यात थांबली नव्हती, हे बरंच झालं.

मामा आता वळले. त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. "म्हणजे दसऱ्याचा फोटो आहे हे तुम्ही ओळखलंत?"

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मामा सांगू लागले. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन एका रांगेत उभ्या करायच्या. पंडित यायचे. प्रत्येक गाडीला तिचा चालक स्वतः कुंकू लावायचा, समोर, मधोमध, चांगला तळहात भरून. वर्षभर जिच्या पोटात बसायचं, तिच्यापुढे एक दिवस उभं राहायचं. "फोटोत काळं येतं ते. तेव्हा कुठला रंगीत फोटो. त्यामुळे पोरांना दाखवलं की पोरं म्हणायची, बाबा, हा डाग कसला." मग ते पुन्हा रणगाड्याकडे वळले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण तोफेला काय झालं होतं? ही पट्टी कशाला बांधलीत?"

इथे लबाडी संपली. एकाच रणगाड्यावर कुंकू ओळखणारा माणूस हार ओळखत नाही, हे कुणालाही पटलं नसतं. मी सगळं सांगून टाकलं. ग्रुप, डावीकडून आलेला गोळा, दातांचे डॉक्टर, तापलेली सुई, औषधाचं दुकान.

मामा खुर्चीवर बसले. त्यांचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं ठसका लागला. बायको पाणी आणायला धावली तेव्हा कळलं, की ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "झेंडूचा हार होता तो," ते कसेबसे म्हणाले. "आणि तुम्ही बँडेज बांधलंत. इतकी वर्षं झाली, तोफेला प्रथमोपचार कुणी केला नव्हता."

मग मामांनी बॅगेतून स्वतःचं नेलकटर काढून दिलं आणि मी त्यांच्यादेखत ते बँडेज कातरून काढलं. बायकोने दाराच्या तोरणातलं एक झेंडूचं फूल तोडलं, त्याच्या बारीक पाकळ्या दोऱ्यात ओवल्या आणि नळीभोवती हार बांधला. मामांनी तो अर्ध्या बोटाने मागे सरकवला. "इथं. पुढे बांधला तर चालकाच्या नजरेच्या आड येतो." मग रणगाडा खिडकीत ठेवून ते दोन पावलं मागे गेले आणि नुसते बघत राहिले. मीही बघितलं. कपाळावर कुंकू, गळ्यात हार. माझ्या कपाटातल्या सगळ्या शूर गाड्यांमध्ये इतकी घरची दिसणारी एकही नव्हती.

"खोक राहू दे," मामा म्हणाले. "बुजवायला जाल आणि आणखी काही कराल."

त्यांनी बॅगेतून माकडटोपी काढली, रणगाडा तिच्यात गुंडाळला आणि हातातल्या बॅगेत ठेवला. मोठ्या बॅगेत नाही. विमानात मांडीवर घेऊन बसायच्या बॅगेत. ते पाहिलं आणि मला एकदम भूक लागली. बायकोने डब्यातून श्रीखंड आणलं होतं. दोन खुर्च्यांवर तिघांनी बसून आम्ही ते मामांच्या एकुलत्या उरलेल्या वाटीतून आळीपाळीने खाल्लं. मी सगळ्यात जास्त खाल्लं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

परत येताना रस्ता मोकळा नव्हता, पण मला तो मोकळा वाटत होता. स्वारगेटच्या त्याच सिग्नलला बायको मागून म्हणाली, "फोन करून विचारलं असतं तर?"

"तर मी खोक पाडली नसती," मी म्हणालो. "आणि खोक नसती तर कुंकू सगळं निघून गेलं असतं. म्हणजे मामांना दसरा दिसलाच नसता. नीट विचार केलास, तर या सगळ्याच्या मुळाशी माझा अभ्यास आहे."

सिग्नल सुटला.

"बरोबर आहे," मग ती म्हणाली. "आता जरा रस्त्याचा अभ्यास करा. डावीकडून बस येतेय."