करारनाम्याखालचे वर्तुळ

आमच्या घराण्यातला एक खासगी करार एकोणिसाव्या शतकात उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जमीन विकताना पूर्वजांनी विहिरीचे निम्मे पाणी स्वतःकडे राखले. पुढे खरेदीदाराच्या वारसांनी ते नाकारले. आमची बाजू जिल्ह्याला हरली आणि अपिलात जिंकली. इतिहासाची शिक्षिका म्हणून हे प्रकरण मी वर्षानुवर्षे वर्गात सांगितले. ‘दूरदृष्टीचे खापरपणजोबा’ हे शब्द माझेच.

गेल्या हिवाळ्यात मी कॅनडात, कनाटाला लेकीकडे होते. नातीच्या शाळेने घरातला एखादा जुना कागद मागवला; तो दाखवताना वर्गात सोबत एकाच मोठ्या माणसाला परवानगी होती. घरात आज्या दोन, मी आणि माझी विहीण. विहीणबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. तरी शाळेतून आल्यावर नातीचे दप्तर पडायचे ते त्यांच्याच पायाशी. मला ते खुपत असे. या वेळी कागद माझा, म्हणून मानही माझाच, असे मी धरून चालले होते.

बेसमेंटमधल्या टेबलावर मी कराराची छायाप्रत पसरली. वादी, प्रतिवादी, वादाचा मुद्दा, निकाल, असे क्रमाने समजावले.

“आजी, इज देअर अ टेस्ट?” नातीने विचारले.

तेवढ्यात विहीणबाई हात पुसत आल्या. वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्याजवळ बोट ठेवून म्हणाल्या, “अहो, ही तर बांगडी! लिहिता न येणारी बाई सहीच्या जागी हीच काढायची. माझी आजी काढायची. जमीन बाईनं विकलीय, विहीणबाई.”

“शाईचा डाग आहे तो.”

“इतका गोल? तुमच्या वर्गातल्या पोरानं हे उत्तर दिलं असतं तर?”

नात खदखदून हसली आणि त्यांच्याकडे वळली. “माई, सो शी केप्ट द वॉटर?”

“मग! रोज पाणी भरणारीलाच ते सुचणार.”

हे वाक्य मला सुचायला हवे होते. मी निकालपत्र पुन्हा तपासले. करारातले विकणाऱ्याचे नाव वाळवीने खाल्लेले, आणि निकालपत्रातही ते कुठेच नव्हते. खापरपणजोबा मीच घातले होते.

नातीच्या वर्गासाठी केलेल्या तक्त्यावर मी ‘खापरपणजी’ अशी दुरुस्ती केली. शोध ज्याचा, त्याचे श्रेय नोंदवावे, असे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. विहीणबाईंच्या श्रेयाची ओळ मात्र लिहिली नाही.

शुक्रवारी शाळेला निघताना नातीने विहीणबाईंचा हात धरला. दारात बूट चढवता चढवता त्यांनी विचारले, “खापरपणजींचं नाव काय सांगू वर्गात?”

मला ते ठाऊक नव्हते. आणि तसे त्यांनाच सांगावे लागले, याचा मला सर्वांत जास्त राग आला.