आमच्या घरचा माग आणि माझे अकरा रिपोर्ट

शनिवारी आमच्या वडगावच्या घरात असं काही झालं की मी अजून हवेतच आहे... तीन दिवस ज्याला-त्याला पकडून सांगतेय, आज तुम्ही सापडलात.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. पार्टमधला केसाएवढा तडा माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि हे काम मला मनापासून आवडतं. पण तोच तडा कागदावर उतरवून रिपोर्ट करायचा म्हटलं की... संपलं. तासभर स्क्रीनकडे बघते, मग पाणी पिऊन येते, मग टेबल आवरते.

मागच्या वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी सांगितलं की हे एडीएचडी आहे. तोवर आमच्याकडं सगळे याला आळस म्हणत, मीसुद्धा. खरं नाव कळल्यावर खूप रडले, मग हलकं वाटलं... पण रिपोर्ट काही त्यामुळं आपोआप लिहून होईनात.

म्हणून चार महिन्यांपासून सुनंदाक्कांचं कोचिंग घेतेय. त्या निपाणीच्या. माझ्यासारख्या मोठ्या माणसांपैकी एका वेळी एकालाच घेऊन बसतात. शिकवणं कमी, गाडी नेमकी कुठं अडते ते शेजारी बसून बघणं जास्त.

आम्ही बरंच काही करून बघितलं... अलार्म, चिठ्ठ्या, फोन दुसऱ्या खोलीत. साहेबांनी चांगुलपणानं मला शांत, बंद केबिनसुद्धा दिली, आणि तिथं मी जास्तच रुतले. शेवटी शुक्रवारी त्यांनी बोलावून सांगितलं की साठलेले अकराही रिपोर्ट सोमवारी सकाळी आले नाहीत तर मला क्वालिटीतून काढून स्टोअरला पाठवावं लागेल. ओरडले असते तर परवडलं असतं, पण बिचारे हळू आवाजात बोलले.

शनिवारी सुट्टी घेतली. दुपारी आक्का पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या, चहा घेतला आणि माझ्या टेबलाशेजारी स्वतःची फाईल उघडून बसल्या. "तू तुझं कर, मी माझं करते," एवढंच म्हणाल्या. मी लॅपटॉप उघडला. तेवढ्यात घरामागच्या शेडमधला आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, यंत्रमाग थांबला.

वीस मिनिटं गेली. मी फक्त तारीख टाकली होती.

आक्कांनी मान वर केली. "मी आले तेव्हा माग चालू होता की गं. बंद का झाला?"

मी सांगितलं, की मी कामाला बसले की आप्पा माग बंद करतात. डॉक्टरांकडून आल्यापासून त्यांचा हा नेम आहे. पोरीला आवाजाचा त्रास नको म्हणून.

"तू त्यांना तसं सांगितलं होतंस?"

नाही... मी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं.

"शाळेत असताना अभ्यास कुठं करायचीस?"

कुठं म्हणजे... शेडमध्येच. तेव्हा घरात वेगळी खोली कुठली! चालू मागाच्या कडेला पोतं टाकून बसायचं. दहावीचं सगळं तिथंच झालं, आणि मार्कही चांगले पडले होते. मी हे सांगत होते आणि सांगता सांगता माझीच जीभ अडखळली...

आक्का उठल्या आणि थेट शेडच्या दारात. "आप्पा, माग सुरू करा बघू."

"न्हाय न्हाय, मॅडम. पोरगीला तरास हुतोय."

"अर्धा तास करून बघू. तरास झाला तर लगेच बंद करा."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी नाइलाजानं बटण दाबलं, आणि खटाक-खटाक, खटाक-खटाक... सुताचा धोटा इकडून तिकडं पळायला लागला.

पुढचं मला नीटसं आठवत नाही, खरंच. एवढंच आठवतं की आक्कांनी माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा पहिला रिपोर्ट सहीपर्यंत पूर्ण होता आणि दुसरा अर्ध्यावर आला होता. ऊन उतरेपर्यंत चार झाले! ज्यांच्यासाठी मी महिनाभर झोप घालवली होती, ते चार रिपोर्ट एका दुपारी!

मी नाचायचीच बाकी होते. आक्का मात्र शांत. म्हणाल्या, "हे तुझं औषध आहे, सगळ्यांचं नव्हे. माझ्याकडं एक जण येतोय, त्याला पंख्याचा आवाजसुद्धा सोसत न्हाय." म्हणूनच त्या एकेकाला वेगळं घेऊन बसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आप्पा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे वर्षभर मी उगंच बंद ठेवलो व्हय गं?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हा माणूस वर्षभर, मी कामाला बसले की, माझ्यासाठी हातातलं काम सोडून ओट्यावर गप बसून राहत होता... आणि मी एकदाही त्याला विचारलं नव्हतं. "उगंच न्हाय, आप्पा," एवढंच म्हणू शकले.

रविवारी उरलेले सात उरकले. सोमवारी साहेबांनी दोन रिपोर्ट वाचले, चष्मा काढला आणि मला क्वालिटीतच राहायला सांगितलं. मी लगेच केबिन परत केली. आता माझं टेबल मशीनशॉपच्या भिंतीला लागून आहे, येणारा-जाणारा कीव करतो आणि मी मनात खुश!

सुनंदाक्का, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. आयुष्यभर लोकांनी मला 'असं कर, तसं कर' सांगितलं... 'तुझं कसं होतं?' हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

आणि आप्पा... आज सकाळी ऑफिसला जायच्या आधी थोडं काम उरकावं म्हणून लॅपटॉप उघडला, तर खिडकीवर टकटक झाली. बाहेर आप्पा उभे.

"बसलीस काय गं? मग चालू करतो."