डावा कान मशीनकडे

शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी. त्या दुपारी जेवण झालं की मी बैठकीच्या खोलीचं दार लोटून घ्यायचो आणि हेडफोन लावून बसायचो. खिडकीखालच्या फळीवर ते यंत्र असायचं. राखाडी अ‍ॅल्युमिनियमचं, दोन विटा शेजारी ठेवल्यावर दिसतात तेवढं, आणि उचलायला विटांपेक्षा जड. त्याला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. पण माझं यंत्र जरा वरच्या दर्जाचं होतं. इंटरनेटच्या वायरीतून गाणं थेट ओढून घेणं, त्यातल्या आकड्यांचा आवाज करणं आणि तो आवाज पुरेशा जोरानं हेडफोनपर्यंत पोचवणं ही तिन्ही कामं ते एकटं करायचं. फोन लागायचा तो फक्त गाणं निवडायला.

माझ्यासारख्या कानाला साध्या वस्तू पुरत नाहीत, असं मी ते आणताना बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "कानासाठी घेताय की लोकांना सांगायला घेताय?" मी हसलो होतो. तिचं बरोबर होतं, कारण वाळूजच्या कारखान्यांच्या भागात माझ्या कानाचं नाव होतं आणि मला ते फार आवडत होतं.

मी एका प्रेस शॉपमध्ये मेन्टेनन्स बघतो. बघतो म्हणजे खरं तर ऐकतो. आमच्याकडे पत्र्याचे लहान भाग कापणारे अकरा जुने पॉवर प्रेस आहेत. प्रत्येकाला बाजूला एक मोठं चाक असतं, ते दिवसभर फिरत राहतं. ऑपरेटरनं पेडल दाबलं की चाक शाफ्टला धरतं आणि वरचा जड भाग खाली येऊन पत्रा कापतो. पेडल दाबलं नाही तर तो वर थांबतो, आणि तेवढ्या वेळात ऑपरेटर हात आत घालून कापलेला तुकडा काढतो. चाक ज्या बेअरिंगवर फिरतं ते कोरडं पडलं, तापलं, तर चाक शाफ्टला आपणहून धरू शकतं. मग पेडलवर पाय नसतानाही वरचा भाग खाली येतो.

कोरडं पडणारं बेअरिंग आधी कळवतं. एक बारीक शिट्टी देतं, इतकी बारीक की शॉपच्या धडधडीत ती सहज बुडते. ती ऐकायची आमची पद्धत जुनी आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक शाफ्टच्या टोकाजवळ टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मला हे एका म्हाताऱ्या फिटरनं शिकवलं. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. ते म्हणायचे, "बायां कान मशीन को देना मियाँ, दायां आदमी के वास्ते रखना. कोई चिल्लाया तो सुनना ना?" म्हणून मी तीस वर्षं डावा कान मशीनला दिला. सगळ्यांना कानात घालायला बोळे मिळायचे. मी ते कधी घातले नाहीत, कारण माझं काम ऐकायचं होतं.

थरथर मोजायचा मीटरही आहे आमच्याकडे. तो कपाटात असतो, त्यातला सेल फुटून पांढरा झालाय. कोणी तो दुरुस्त करू या म्हटलं की आमचे मॅनेजर साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे. दर शनिवारी मी फेरी मारायचो आणि वहीत प्रत्येक प्रेसपुढे लिहायचो, 'आवाज ठीक'. खाली सही.

एका शुक्रवारी गाणारी बाई सरकली. नेहमीचंच रेकॉर्डिंग होतं, त्यात ती डोक्याच्या अगदी मधोमध उभी असल्यासारखी वाटायची. त्या दिवशी ती उजवीकडे होती. मी वायर तपासली, पिना पुसल्या, यंत्र बंद करून सुरू केलं. मग पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो सभ्यपणे म्हणाला, "सर, हेडफोन उलटे घालून बघा. डावा उजव्या कानाला." मी घातले. हेडफोन किंवा यंत्र बिघडलं असतं तर बाई आता डावीकडे जायला हवी होती. ती उजवीकडेच राहिली.

मी दुकानदाराला सांगितलं की झालं, पिन सैल होती.

फोनवरच्या त्या यंत्राच्या अ‍ॅपमध्ये डावं-उजवं कमीजास्त करायची सोय असते. मी डावीकडे दोन घरं सरकवली आणि बाई परत मधे आली. बरं वाटलं. दोन महिन्यांनी तीन घरं लागली. दिवाळीला पाच. यंत्र एवढं चांगलं होतं की मला माझ्यापासून लपवायला त्यानं काही कसर ठेवली नाही.

मग एकदा मी ते केलं, जे मी करायला नको होतं असं मला नंतर कितीतरी वेळा वाटलं. न करता राहिलो असतो तर निदान म्हणता आलं असतं की माहीत नव्हतं. स्ट्रीमिंगवर चाचणीचे आवाज असतात, एकच सूर हळूहळू बारीक होत वर चढतो. मी तो फक्त डाव्या कानात लावला. सूर चढत गेला, तारेसारखा झाला आणि थांबला. मला वाटलं संपला. डोळे उघडले तर यंत्राच्या पडद्यावर आकडा पुढे चाललाच होता, आवाजाची पट्टी हलत होती. कानात काही नव्हतं. बाहेर कोणी गच्चीवर गहू पाखडत होतं ते मला उजव्या कानानं हेडफोनच्या गादीतूनही ऐकू आलं. शिट्टी जिथं असते तिथं माझा डावा कान संपलेला होता.

मुलगी पुण्याला नोकरी करते. ती आली तेव्हा तिनं माझे हेडफोन सहज डोक्याला लावले आणि लगेच काढले. "बाबा, डावीकडे केवढा आवाज ठेवलाय. तुम्हाला कसं सहन होतं?"

"रेकॉर्डिंगच तसं आहे," मी म्हणालो.

तिनं हेडफोन फळीवर ठेवले. मग म्हणाली, "कान तपासून घ्या एकदा." मी हो म्हटलं, आणि ती गेल्यावर विसरलो. विसरलो हे खोटं आहे. मी टाळलं. तपासलं की कागद येणार, कागद आला की वही माझ्या हातून जाणार, आणि वही गेली की शॉपमध्ये मी कोण?

एवढं मात्र खरं की पुढच्या शनिवारी मी स्क्रू-ड्रायव्हर उजव्या कानाला लावला. पहिल्याच प्रेसवर लोकांच्या लक्षात आलं. "आज कान बदलला का साहेब?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "डाव्याला सुट्टी दिली असंल." सगळे हसले. साधी चेष्टा होती. मीही हसलो, आणि तिसऱ्या प्रेसपासून परत डावा कान लावला. मी आयुष्यात केलेली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे, आणि ती करायला मला एक क्षणही लागला नाही.

सातव्या प्रेसवर बिडकीनचे एक मामा बसायचे. पन्नाशीचे, शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांच्या घरी अजून दहा-पंधरा मेंढ्या आहेत, सुट्टीच्या दिवशी ते त्यांच्या मागे जातात. एका सोमवारी ते माझ्याकडे आले.

"साहेब, सात नंबर शिट्टी मारायलाय."

"शनिवारीच बघितलं मी."

"लई बारीक हाय. पर हाय."

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. ते माझ्या उजव्या बाजूला उभे राहिले. मी मूठ डाव्या कानाला लावली, डोळे मिटले आणि जितका वेळ नेहमी थांबतो तितका वेळ थांबलो. आत फक्त चाकाची घरघर होती. मला माहीत होतं की मला शिट्टी ऐकू आली नाही म्हणजे ती नाहीच असं नव्हे. मला हेही माहीत होतं की कान बदलायला एक सेकंद लागतो. मामांची नजर माझ्यावर होती आणि मागे दोघं काम थांबवून बघत होते.

"काही नाही मामा. ग्रीस मारून घ्या."

"व्हय का?" ते म्हणाले. मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले.

बुधवारी सकाळी चहाच्या सुट्टीआधी सात नंबरचा वरचा भाग पेडलशिवाय खाली आला. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ते ओरडले ते मला शॉपच्या दुसऱ्या टोकाला उजव्या कानानं ऐकू आलं. मी पोचलो तेव्हा त्यांनी हात फडक्यात गुंडाळून छातीशी धरला होता आणि ते कोणाला तरी सांगत होते की मोटर बंद करा, दुसऱ्याचा हात जाईल.

साहेबांनी संध्याकाळी चाक फिरवून बघायला लावलं. तोवर बेअरिंग निवलं होतं. चाक मोकळं फिरलं. वही आणली गेली. शनिवारची नोंद, 'आवाज ठीक'. साहेब म्हणाले की ज्या माणसाचं ऐकणं सगळी वाळूज मानते त्यानं मशीन ठीक म्हटलंय, सोमवारी पुन्हा तपासलंय, म्हणजे पेडलवर पाय पडला असणार. अहवालात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहायचं ठरलं. तसं ठरलं की मामांना बरं झाल्यावर परत घ्यायचा प्रश्नच उरत नव्हता. साहेबांनी मला विचारलं, "बरोबर ना?" मी म्हणालो की बघावं लागेल. त्यांनी ते हो असं धरलं. मी ते तसं धरू दिलं.

नऊ दिवस मी तसाच राहिलो. शुक्रवारी यंत्र लावलंच नाही. बायकोनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. दहाव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बिडकीनला जा."

मामा ओसरीवर बसले होते, हात उशीवर ठेवून. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मी आडवळण न घेता बोललो. डावा कान गेलाय, मला ते आधीपासून माहीत होतं, शिट्टी मला ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि उजवा कान मी लावला नाही कारण लोक हसतील असं वाटलं. बोलताना मी उशीवरच्या हाताकडे बघत होतो.

अंगणात एक मेंढी खोकत होती. त्यांनी तिकडं बघून बायकोला तिला बाजूला बांधायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"शिट्टी होती, हे मला ठाव होतं," ते म्हणाले. "मला मेंढराचा खोकला झोपेत कळतो साहेब. पर तुमी नाय म्हनले. म्हनलं, आपलाच कान फसला असंल. म्हनून बसलो."

"हे मला सांगून काय व्हतंय," ते पुढे म्हणाले. "जिथं सांगायचं तिथं सांगा. आन् त्या बाकीच्या दहा मशिनीचं काय?"

ते मी खरंच मनात आणलं नव्हतं. परत येताना, चितेगावच्या पुढं गाडी कडेला घेऊन मी हिशेब केला. दिवाळीपासून प्रत्येक शनिवारी प्रत्येक प्रेस मी डाव्या कानानं ऐकला होता. पहिले दोन एकदा उजव्यानं, तेवढंच. बाकीच्यांत आत काय चाललंय हे आता कोणालाच माहीत नव्हतं, आणि वहीत सगळे ठीक होते.

दुसऱ्या दिवशी कान तपासून घेतला. तपासणारीनं आलेख दाखवला, डावी रेघ कड्यावरून घसरावी तशी खाली गेली होती. तो कागद आणि सहीचं पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पत्रात लिहिलं होतं की अपघाताला मामा जबाबदार नाहीत, माझी नोंद खोटी धरावी आणि सगळे प्रेस थांबवून बेअरिंग उघडावीत. साहेबांनी दोनदा वाचलं. मामांचं बघू म्हणाले, अहवाल अजून पाठवलेला नाही. प्रेसचं मात्र माल डिस्पॅच झाल्यावर. "तुम्ही थकलाय. दोन दिवस घरी बसा, शॉपमध्ये यायचं नाही. आणि हे बाहेर बोलू नका."

मी पत्राची प्रत कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. तिथल्या माणसानं विचारलं की अशी तक्रार स्वतःविरुद्ध कोणी करतं का. मग त्यानं शिक्का मारला. तपासणीला कधी येणार हे त्याला सांगता आलं नाही.

तिथून मी पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर गेलो. ऑपरेटर बाहेर पडत होते, मी एकेकाला थांबवलं. नऊ नंबरवर एक बाई बसतात, लासूर स्टेशनहून येतात. त्यांना मी सांगितलं की माझा कान गेलाय, माझ्या नोंदीवर विसंबू नका, चाकातून बारीक शिट्टी आली तर लगेच उठा आणि कोणालाही न विचारता मोटर बंद करा.

त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "शिट्टी तर परवापासून वाटतीया," त्या म्हणाल्या. मग थोडं हसून, मला बरं वाटावं म्हणून, "पर तुमी शनिवारी ठीक लिवलं होतं ना. तुमच्यापेक्षा आम्हाला काय जास्त ऐकू येनार साहेब."

मी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं. त्यांची रिक्षा भरत आली होती. त्या मान हलवत आत बसल्या. त्यांची पाळी उद्या सकाळी सातला सुरू होते, आणि मला आत जायला बंदी आहे. मी साडेसहाला फाटकावर उभा राहणार आहे.