गोधडीतली बॅटरी

माझ्या सासुरवाडीला, म्हणजे धावड्याला, मी गेलो की आजही दोन-चार माणसं बाह्या सरसावून उभी राहतात. भांडायला नव्हे, ढकलायला.

आता माझ्याकडे गाडी नाही, मी एसटीनं जातो. तरीही उभी राहतात! माणसानं एकदा नाव कमावलं की ते पुसता येत नाही.

गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची. मी तेव्हा नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. काम असं, की ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. गारठलेला दाणा रुसतो, ऊब दिली की उठतो, हे ज्ञान मला पक्कं होतं. बाकी ज्ञान नव्हतंच, त्यामुळे मी हेच सगळीकडे वापरायचो.

त्याच वर्षी मी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. (रंग पांढरा. म्हणजे कागदपत्रांत.) गाडी दारात उभी राहिली आणि गल्लीतल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?" गाडी कशी आहे, कुठून आणली, कुणी विचारलं नाही. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, यावर जालन्यात मालकाची अक्कल ठरते! मग मीही ईर्ष्येला पेटलो. खिशात डायरी ठेवली आणि उगवलेले दाणे मोजावेत तसे किलोमीटर मोजू लागलो.

आठवड्याभरात मला शोध लागला. उतारावर गाडी बंद केली, तरी ती जातेच! फाटकापाशी बंद, चौकात बंद, पुढे म्हैस दिसली तरी बंद. ॲव्हरेज वाढलं आणि थंडी पडायच्या सुमारास बॅटरी बसली. मी मिस्त्रीकडे गेलो.

तो म्हणाला, "साहेब, गाडी चालू असंल तव्हाच बॅटरीच्या पोटात काही जातं. तुम्ही तर गाडी बंद ठेवून चालवून राह्यले. तिनं खावं कव्हा? आन् थंडीत गाडी उठवायला तिला दुप्पट जोर लागतो."

या बोलण्यातलं मी फक्त 'थंडीत' एवढंच ऐकलं. थंडी ना? मग त्यावरचा इलाज माझ्या रोजच्या कामातला होता! त्या दिवसापासून संध्याकाळी बॅटरी काढायची, घरात आणायची आणि गोधडीत गुंडाळून ठेवायची. दिवसाही तिच्यावर भार नको म्हणून मी हॉर्न बंद केला. ते काम माझ्या बायकोकडे, मंगलकडे आलं. ती खिडकीतून डोकं काढून ओरडायची, "ओ काका, सरका जल्दी!" आणि लोक हॉर्नपेक्षा लवकर सरकायचे.

अशात मंगलच्या धाकट्या भावाचं, दत्ताचं लग्न ठरलं. मुलगी वडीगोद्रीची. म्हणजे भोकरदन तालुक्याच्या एका टोकाहून निघायचं, जालना ओलांडायचं आणि अंबडच्या पुढे जायचं. मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा. वऱ्हाडाला ट्रक होता आणि नवरदेवासाठी सासऱ्यांनी जीप सांगितली होती.

मी रुसलो. (हा जावयाचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि मी तो कधी वाया घालवला नाही.)

"घरात जावयाची गाडी असताना नवरदेव भाड्याच्या जीपमध्ये? लोक काय म्हणतील, मामा?"

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. माणूस अतिशय सज्जन. जावयापुढे त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, तोच निघाला. "बराबर."

जीप रद्द झाली. मंगलनं मला बाजूला घेतलं. "अहो, लग्न माझ्या भावाचं हाय, तुमच्या ॲव्हरेजचं न्हाई. एकुलता एक भाऊ हाय माझा!"

"तू बिलकुल काळजी करू नको," मी म्हणालो. या वाक्यानंतर काळजी सुरू करावी, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही धावड्यात होतो. अंगणात हळद चालू होती आणि मी काखेत बॅटरी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. "हिला जरा चुलीजवळ जागा द्या. आणि एक जाड गोधडी."

सासूबाईंनी एकदा बॅटरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पण जावयाचा शब्द! घरातली सर्वांत जाड गोधडी आली. ती मंगलच्या मावशीला द्यायची होती, तिला सतरंजी मिळाली. सासूबाईंनी अदबीनं विचारलं, "आनखी काही लागतं का हिला? दूध-बिध?"

सकाळी सहाला बॅटरी बसवली, किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या झटक्यात चालू! मी सगळ्यांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मावशी शिंकत होती.

वऱ्हाडाचा ट्रक आमच्या आधीच निघून गेला होता. गाडीत पुढे माझ्या शेजारी मामा. मागे मंगल आणि नवरदेव. दत्ताच्या अंगात नवा सफारी, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, हातात लिंबू टोचलेली कट्यार. पहिला उतार आला, मी गाडी बंद केली.

"पाव्हणे, बंद पडली काय?" मामांनी विचारलं.

"नाही मामा, बंद केली. ॲव्हरेज."

"बराबर."

उतार संपला की किल्ली, पुन्हा उतार की बंद. दर वेळी बॅटरीचा आवाज थोडा दमलेला येत होता, पण माझा गोधडीवर विश्वास होता! जालन्याला पोचलो तर रेल्वेचं फाटक लागलेलं. भरपूर धुकं आणि न संपणारी मालगाडी.

"दाजी, चालू राहू द्या बरं," मागून दत्ता म्हणाला.

"पाया पडते, बंद करू नका," मंगल म्हणाली.

मी बंद केली. फाटक उघडलं. मी किल्ली फिरवली. खर्र... खर्र... टक्.

मागे एक ट्रक, दोन जीपा, असंख्य सायकली, आणि सगळे एकदम ओरडू लागले. मी खाली उतरायला दार उघडलं, तर मामांनी माझा हात धरला. "तुम्ही बसा, पाव्हणे. लग्नाच्या दिशी जावयाला गाडी ढकलाय लावली, असं व्हाया नको." हळद लागलेल्या नवरदेवालाही उतरवायचं नव्हतं. म्हणजे दोन तरणे पुरुष आत बसलेले, आणि मागून साठीचे सासरे आणि ठेवणीतल्या साडीतली बायको गाडी ढकलताहेत! गाडी एक वीत हलली.

शेवटी दत्ता उतरला. फेटा सावरत, एका हातात कट्यार धरून त्यानं असा रेटा दिला की लिंबू सुटून रुळांवर गेलं आणि गाडी चालू झाली. आता ती थांबवायची माझी हिंमत नव्हती. मी हळूहळू पुढे, ते तिघे पळत मागे. नवरदेव पळत आत आला, मामांना त्यानं ओढून घेतलं, मंगल सर्वांत शेवटी आली. ती हॉर्नच्या आवाजात मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आता किल्लीला हात लावणार नाही," मी शपथ घेतली. आणि ती पाळलीही! अंबड गेलं, ऊस दिसायला लागला, वडीगोद्री तीन किलोमीटर राहिली, तेव्हा एक लांबलचक सुंदर उतार आला. खरं सांगतो, मी काही केलं नाही. हातानं केलं. महिनाभराची सवय लागलेल्या हातानं आपोआप किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. उताराच्या तळाला रस्त्यात पाच म्हशी उभ्या होत्या. मी ब्रेक लावला. पुढे चढ होता.

अकरा वाजून गेले होते. मी आरशात पाहिलं. दत्ता नुसता रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे पाहत होता. मंगल रडत होती. माझी बायको रागावते, रडत नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर लाज वाटली.

कारखान्यावर ऊस टाकून एक रिकामी बैलगाडी येत होती. मामा उतरले आणि गाडीवानाशी दोन शब्द बोलले. पाच मिनिटांत गाडीच्या पुढच्या बंपरला दोर बांधला गेला आणि आम्ही बैलांमागे निघालो. चढ संपल्यावर मी चाचरत म्हणालो, "मामा, आता थोडं ढकललं तर चालू होईल."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "तुम्ही पुन्हा बंद कराल. बैलं बंद पडत न्हाईत."

'बराबर'शिवायचं हे त्यांचं पहिलं मत. गाडीवानानं मागे वळून कौतुकानं गाडी न्याहाळली आणि विचारलं, "काय पाव्हणं, ॲव्हरेज काय देती?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "सध्या? कडब्याच्या एका पेंडीला तीन किलोमीटर."

मागच्या सीटवर दत्ता फिसकन हसला. मंगलही डोळे पुसत हसली. मला इतकं बरं वाटलं, की मीही त्या अपमानाला हसलो.

वेशीवर बँडवाले ताटकळले होते. बैलांनी ओढलेली गाडी आणि आत नवरदेव पाहून त्यांना वाटलं, धावड्याकडची काही नवी हौस असेल. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली! मांडवात शिरलो तेव्हा बाराला पाच कमी होते. लग्न मुहूर्तावर लागलं. फक्त दत्तानं नवरीला घातलेल्या पांढऱ्या हारावर, गाडी ढकललेल्या हाताच्या पाची बोटांचे काळे ठसे उमटले. अल्बममधल्या फोटोत ते अजून स्पष्ट दिसतात, आणि त्याची बायको प्रत्येक पाहुण्याला ते कुणामुळे ते सांगते.

पुढे धोंड्याचा महिना आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून मला धावड्याला बोलावणं आलं. पाटावर बसवलं, ओवाळलं आणि दत्तानं दोन्ही हातांनी एक जड ताट पुढे ठेवलं. वर तेहतीस अनारसे. खाली, हळदीकुंकू लावलेली कोरी बॅटरी!

"पाव्हणे," मामा गंभीरपणे म्हणाले, "हिला निजायला गोधडी मिळनार न्हाई. मावशीनं सांगून ठिवलंय."

आता गंमत ऐका. बऱ्याच वर्षांनी मंगलच्या मावसभावाचा परदेशातून फोन आला. (सतरंजीवर झोपलेल्या मावशीचाच मुलगा.) तिथे बर्फ पडतो. त्यानं नवी हायब्रीड गाडी घेतली होती. "दाजी, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं! उताराला पेट्रोल लागत न्हाई, ॲव्हरेज जबरदस्त! फक्त थंडीत बॅटरी जरा दमते."

मी खुर्चीतून उठलोच! "अरे, हे सगळं मी अंबडच्या पुढच्या उतारावर केलं होतं! तुम्हा लोकांना तेव्हा कळलं नाही. त्या गाडीत आणि माझ्या गाडीत फरक तो काय?"

आईच्या भाच्याच्या लग्नातला तो अल्बम त्यानंही पाहिला असणार.

"जास्त न्हाई, दाजी," तो म्हणाला. "ही परत चालू होते."