नाक्यावर नाचलेला कवडसा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी लालबागच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. वय बावीस, राहायला गिरगावात, आणि चाळीच्या जिन्यात उभी राहून गोळीबारापुढे छाती काढायच्या गोष्टी करणारी. छाती कसली! झुरळ दिसलं तरी मी पलंगावर चढायचे.

त्या आठवड्यात लालबागमध्ये दगडफेक झाली होती. पोरं गच्चीवरून आरशाने पोलिसांच्या डोळ्यांत कवडसे मारायची आणि ते डोळे चोळेपर्यंत दगड यायचे. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या थोरल्या भावाला त्यावरूनच धरून नेलं होतं; तीन दिवस झाले, तो घरी आला नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं ते ऐका.

पांढऱ्या उजेडात सात रंग असतात, हे मला मुलींना दाखवायचं होतं. तानापिहिनिपाजा सगळ्यांना पाठ, पण भिंतीवर रंग पडलेले कुणी पाहिले नव्हते. शाळेत लोलक एकच, काचेचा तिकोनी तुकडा, तोही कपाटात फडक्यात गुंडाळलेला. आमच्या वर्गात ऊन येत नसे, ते गॅलरीच्या टोकापर्यंतच यायचं. म्हणून मी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दार चार बोटं उघडं ठेवलं आणि माझ्या फणेरपेटीतला आरसा देऊन एकीला गॅलरीत उभं केलं. कुणाला? त्याच मुलीला. का, तर ती उंच होती. एवढी माझी अक्कल.

"बाई, कुठे पाडू?"

"फटीत पाड गं. डावीकडे! वर घे! आता खाली! हलवत राहा, सापडेल!"

मी आत काळोखात लोलक धरून फर्मानं सोडत होते आणि ती बिचारी आरसा हलवत होती. कवडसा फट सोडून सगळीकडे नाचला. खाली नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती, तिच्यावरही.

शिट्टी वाजली. मग जिन्यात बूट वाजायला लागले. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला झाला, दुसरा झाला. माझ्या तळव्यांना इतका घाम आला की लोलक सटकायला लागला. मुली बाकांवर एकमेकींना चिकटून बसल्या.

हवालदार गॅलरीत आला. घाटावरचा, मिशाळ, हातात काठी.

"आरसा कुनी मारला?"

'मी सांगितलं म्हणून तिने धरला.' बोलायचं ते एवढंच होतं. मी दारापर्यंत आले, पण बोलले नाही. उलट लोलक पदराखाली लपवला, जसा काही बाँबच!

"मी," ती मुलगी म्हणाली.

"घरी कोन कोन हाय? भाऊ हाय का?"

तिने तोंड उघडलं. आता ती भावाचं नाव घेणार आणि हा तिलाही गाडीत घालणार, हे मला लख्ख दिसलं. तेव्हा कुठे माझ्या तोंडून आवाज निघाला, तोही मांजरीसारखा.

"रंग... रंग बघत होतो हो. पांढऱ्या उजेडात सात रंग असतात."

"मला येडा समजता व्हय, बाई?"

"दाखवते ना. पण आरसा उन्हात धरायला लागेल. तिला धरू द्या."

"ती न्हाई धरायची. आन हिकडं!"

त्याने काठी काखेत मारली आणि आरसा स्वतःच धरला. मी आत पळाले. लोलक दोन्ही हातांनी धरला. "थोडं वर, हवालदारसाहेब... डावीकडे..." कवडसा फटीतून आत शिरला आणि भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा पडला.

"आले! बाई, आले!" मुली किंचाळल्या.

"काय आलं?" हवालदार गॅलरीतून ओरडला. त्याला बिचाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. तो आत वळला असता तर उजेड गेला असता.

तेवढ्यात खालून फौजदाराचा आवाज आला, "कोन रे तो आरसा मारतोय? पकडा त्याला!"

हवालदाराचा चेहरा माझ्यासारखाच झाला. कठड्यावरून वाकून तो म्हणाला, "म्या हाय, सायेब! चौकशी चाललीय!" आरसा मुलीच्या हातात कोंबून त्याने हळूच विचारलं, "खरंच दिसले का गं?"

"सातही," ती म्हणाली.

नाव न विचारताच तो जिना उतरला.

शाळा सुटेपर्यंत मी जिन्याकडे बघत होते. मग काळाचौकीला तिच्या घरापर्यंत तिला सोडायला निघाले. खरं म्हणजे नाक्यावर गाडी दिसली तेव्हा तीच मला दंडाला धरून पलीकडे घेऊन गेली.

दारात तिची आई. आधीच एक मूल पोलिसांनी नेलेलं, त्यात शाळेतली बाई घरी आलेली. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"बाई, चेडवान काय केल्यान?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. दुपारभर तिने मला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं.

"तिने काही नाही केलं," मी म्हटलं. "मी केलं."

हवालदाराला सांगायचं ते वाक्य. चार तास उशिरा, आणि तेही सूप धरलेल्या बाईला.