शिकारी तो, प्रेक्षक मी

मैत्रिणींनो, आज सकाळपासून डोकं फिरलंय.

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही नामिबियाला शिकारीला जाणार आहोत. तिथे पैसे भरून, परवान्यानं शिकार करता येते. हौस नवऱ्याची. ऑफिसला निघताना त्यानं सफारी कंपनीचा भरलेला फॉर्म दाखवला. शिकारी म्हणून तो, प्रेक्षक म्हणून मी.

एनसीसीत रायफल शूटिंगची मेडल्स माझी. यानं जत्रेत फुगे फोडायची बंदूकही कधी धरलेली नाही.

"अगं, तू फोटो छान काढतेस," म्हणाला. लेक म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ फॉर्म."

संध्याकाळी हाच नवरा हॉलमध्ये झाडू खांद्याला लावून उभा. "नेम कसा धरतात, जरा शिकव ना. पाच मिनिटं, खलास."

मी त्याचं कोपर नीट केलं. श्वास कधी रोखायचा, तेही सांगितलं.

फॉर्म तसाच गेला. मी का शिकवलं, सांगेल कुणी?